निरोपाची सवय : एका कादंबरीतील आर्चबिशपांचे मरण



नोव्हेंबर महिना आला की आपली पावले दफनभूमीकडे वळतात. २ नोव्हेंबरला आपण आपल्या माणसांच्या कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. त्यांच्या नावाने मिस्सा अर्पण करतो. जे गेले त्यांच्याविषयी बोलताना आपल्याला संकोच वाटत नाही. परंतु जे जाण्याच्या वाटेवर आहेत त्यांच्याशी त्यांच्या मरणाविषयी बोलायची वेळ आली की आपली जीभ अडखळते.

आजाऱ्याच्या खोलीबाहेर दबक्या आवाजात चाललेले बोलणे आपण सर्वांनी ऐकले आहे. "फादर, त्यांना आम्ही काही सांगितलेलं नाही. तुम्हीही काही बोलू नका." खोलीच्या आत आई मुलाला म्हणते, "आज जरा बरं वाटतंय रे." मुलगा म्हणतो, "होणारच बरं, डॉक्टर म्हणालेत तसं." आईला ठाऊक असते आणि मुलालाही ठाऊक असते. एकमेकांना दुःख होऊ नये म्हणून दोघेही नाटक वठवीत राहतात. मग एके दिवशी पहाटे सगळे संपते आणि बोलायचे होते ते तसेच राहून जाते. क्षमा मागायची राहते, आभार मानायचे राहतात, आशीर्वाद घ्यायचा राहतो.

या रविवारी आपण एका कादंबरीतील वृद्ध आर्चबिशपांची ओळख करून घेऊ. मरण जवळ आले आहे हे त्यांना कळते, ते इतरांना तसे सांगतात आणि शांतपणे त्याची तयारी करतात. ही शांती त्यांना कोठून मिळाली, हा आजच्या अभ्यासाचा विषय आहे.

कादंबरी आणि तिच्यामागचा इतिहास

विला कॅथर या अमेरिकन लेखिकेची 'डेथ कम्स फॉर द आर्चबिशप' ही कादंबरी १९२७ साली प्रसिद्ध झाली. लेखिका स्वतः कॅथलिक नव्हत्या. त्या एपिस्कोपल पंथाच्या होत्या. तरीही कॅथलिक मिशनरींच्या जीवनावर इतक्या आदराने लिहिलेल्या कादंबऱ्या थोड्याच असतील.

कादंबरीचे नायक आहेत फादर जाँ मारी लातूर. (आपल्या मराठवाड्यातील लातूर शहराशी या नावाचा काही संबंध नाही. हे फ्रेंच आडनाव आहे.) फ्रान्समधील ओव्हेर्न या डोंगराळ प्रांतात त्यांचा जन्म झाला. न्यू मेक्सिकोचा प्रदेश अमेरिकेच्या ताब्यात नुकताच आला होता, तेव्हा तेथील ख्रिस्तसभेची जबाबदारी त्यांच्यावर सोपवण्यात आली. सांता फे हे त्यांचे मुख्य ठिकाण. वाळवंट, डोंगर, घोड्याच्या नाहीतर खेचराच्या पाठीवरचा प्रवास, एका वस्तीपासून दुसरी वस्ती कित्येक दिवसांच्या अंतरावर, असा तो धर्मप्रांत होता. त्यांच्या सोबतीला होते त्यांचे बालपणापासूनचे मित्र फादर जोसेफ.

ही दोन्ही माणसे कल्पित आहेत, तरी त्यांच्यामागे दोन खरे धर्मगुरू उभे आहेत. आर्चबिशप जाँ बाप्तिस्त लामी यांचा जन्म १८१४ साली ओव्हेर्नमध्ये झाला. १८५१ मध्ये ते सांता फे येथे पोहोचले, १८७५ मध्ये तेथील पहिले आर्चबिशप झाले, १८८५ मध्ये त्यांनी पद सोडले आणि १३ फेब्रुवारी १८८८ रोजी ते प्रभूघरी गेले. त्यांचे सहकारी जोसेफ माशबफ पुढे डेन्व्हरचे पहिले बिशप झाले. माशबफ यांचे एक चरित्र १९०८ साली प्रसिद्ध झाले होते. ते कॅथरबाईंच्या वाचनात आले आणि त्याचा त्यांना मोठा उपयोग झाला.

मात्र एक बदल त्यांनी केला. प्रत्यक्षात आर्चबिशप लामी आधी गेले आणि त्यांचे मित्र १८८९ मध्ये, म्हणजे पुढच्या वर्षी गेले. कादंबरीत हा क्रम उलटा आहे. तेथे मित्र आधी जातो आणि आर्चबिशप मागे राहतात. असा बदल केल्याने काय साधले, ते पुढे आपल्या लक्षात येईल.

सर्दीचे निमित्त

कादंबरीच्या शेवटच्या भागात आर्चबिशप लातूर निवृत्त झाले आहेत. शहरापासून थोडे दूर एका लहानशा घरात ते राहतात. त्यांना झाडांची फार हौस. त्यांनी तेथे फळबाग वाढवली आहे. त्यांची काळजी घ्यायला बर्नार्ड नावाचा एक तरुण आहे. आपण ज्यांना 'ब्रदर' म्हणतो तसा हा फ्रान्सहून आलेला सेमिनारियन. आर्चबिशपांवर त्याची फार भक्ती आहे.

एका हिवाळ्यात आर्चबिशपांना सर्दी होते. आजार तसा साधाच. पण ते आपल्या जागी आलेल्या आर्चबिशपांना पत्र लिहून विनंती करतात की, मला सांता फेमधील माझ्या जुन्या खोलीत राहायला येऊ द्यावे. बर्नार्डच्या लक्षात येते की, ही मरणाची तयारी आहे. त्याला वाईट वाटते. तो त्यांची समजूत घालतो, सर्दीने का कोणी मरते? त्यावर वृद्ध आर्चबिशप हसतात. सर्दी हे निमित्त आहे, आपले जगणे पुरे झाले म्हणून आपण जाणार, अशा आशयाचे उत्तर ते त्याला देतात.

ते रागावलेले नाहीत, घाबरलेले नाहीत आणि मरणाची त्यांना घाईही झालेली नाही. पीक पिकले की शेतकरी जसा शेताकडे पाहतो, तसे ते आपल्या आयुष्याकडे पाहतात.

ते सांता फेला येतात ती वेळही त्यांनीच ठरवलेली आहे. संध्याकाळी मावळतीचे ऊन कॅथीड्रलवर पडते तेव्हा त्यांना ते पाहायचे आहे. पिवळसर सोनेरी दगडाचे हे कॅथीड्रल त्यांनीच बांधून घेतलेले. ब्लँकेटमध्ये गुंडाळून घेतलेले ते वृद्ध गृहस्थ गाडीत बसल्या बसल्या बराच वेळ त्या वास्तूकडे पाहत राहतात. मग आपल्या जुन्या खोलीत येतात.

पुढच्या दिवसांत ते बराच वेळ एकटे पडून असतात. आसपासच्या लोकांना वाटते, त्यांचे मन आता थकले, स्मृती क्षीण झाली. प्रत्यक्षात त्यांचे मन जागे आहे. आयुष्यातील सारे काळ त्यांना आता एकाच अंतरावर दिसू लागले आहेत. बालपण, रोममधील विद्यार्थिदशा, कॅथीड्रलचे बांधकाम, सगळेच हाताशी आहे. कालचे जवळचे आणि साठ वर्षांपूर्वीचे दूरचे, असे काही उरलेले नाही. आपल्या घरातील वृद्ध मंडळी फार जुन्या गोष्टी काल घडल्यासारख्या सांगतात, तेव्हा आपण कंटाळतो. या पानांवर लेखिकेने आपल्याला जणू त्यांच्या बाजूला बसवून त्यांच्या डोळ्यांनी पाहायला लावले आहे.

या दिवसांत ते देवाचे आभार मानतात. आपल्या हयातीत दोन मोठे अन्याय दूर झालेले पाहायला मिळाले, याचे त्यांना समाधान आहे. एक म्हणजे कृष्णवर्णीयांची गुलामगिरी, जी अमेरिकेत १८६५ मध्ये कायद्याने संपली. दुसरा अन्याय नवाहो या आदिवासी लोकांवरचा. १८६४ साली अमेरिकन सैन्याने त्यांना त्यांच्या भूमीतून हुसकून शेकडो मैल चालवत नेले होते. वाटेत आणि छावणीत पुष्कळजण मेले. १८६८ च्या तहानंतर ते आपल्या डोंगरदऱ्यांत परतले. म्हणजे मरणाच्या दारातही आर्चबिशपांचे मन स्वतःच्या नाडीकडे लागलेले नाही. ते इतरांना मिळालेल्या न्यायात रमले आहे.

लहान लहान निरोप

ही शांती त्यांना शेवटच्या आठवड्यात एकाएकी मिळालेली नाही. कादंबरी मागे जाऊन पुन्हा वाचली की लक्षात येते, हा मनुष्य आयुष्यभर निरोप घेत आला आहे.

पहिला निरोप घरचा. तरुणपणी जाँ आणि जोसेफ हे दोघे मिशनरी होण्यासाठी फ्रान्स सोडून निघतात. घरचे अडवतील म्हणून कोणाला न सांगता पहाटे गावाबाहेरच्या शेतात भेटायचे ठरते. जोसेफची अवस्था बिकट झालेली असते. रात्रभर त्यांना झोप नाही. देवाने बोलावले आहे, पण वडिलांना सोडवत नाही. पॅरिसला जाणारी घोडागाडी येण्याची वेळ झाली आहे. जाँ त्यांना धीर देतात. आधी पॅरिसला तर जाऊ, वडिलांचे मन वळलेच नाही तर वचनातून मोकळे होऊन तुला परत येता येईल, असे समजावतात. गाडी थांबते, दोघे चढतात आणि थकलेले जोसेफ थोड्याच वेळात बसल्या जागी झोपी जातात.

दुसरा निरोप मित्राचा. न्यू मेक्सिकोत कित्येक वर्षे दोघांनी एकत्र काम केले. मग कोलोराडोच्या डोंगरात सोन्याच्या शोधात हजारो लोक जमा झाले आणि त्यांच्यासाठी धर्मगुरू हवा अशी मागणी आली. तेथे कोणाला पाठवायचे? आर्चबिशपांना मित्राची सोबत हवी होती. काही दिवसांपूर्वीच त्यांनी फादर जोसेफना दूरच्या कामावरून, तसे मोठे कारण नसताना, केवळ सोबतीच्या ओढीने बोलावून घेतले होते. तरीही त्यांनी त्यांनाच पाठवले. दोघांकडे एकसारखी दोन पांढरी खेचरे होती. ती नेहमी बरोबर राहत, त्यांना एकमेकांचा लळा होता. फादर जोसेफ आपले खेचर घेऊन निघाले तेव्हा आर्चबिशपांनी आपलेही त्यांच्याबरोबर दिले. दोन मित्रांची ताटातूट होत होती, निदान त्या मुक्या प्राण्यांची तरी होऊ नये. पुढे ते एकटेच घरी परतले.

तिसरा निरोप अधिकाराचा. वय झाले तसे त्यांनी पद सोडले. आपल्या जागी आलेल्या माणसाच्या कारभारात ढवळाढवळ केली नाही. जुन्या खोलीत राहायलासुद्धा त्यांनी परवानगी मागितली, हे आपण वर पाहिलेच.

चौथा निरोप मायभूमीचा. निवृत्त झाल्यावर फ्रान्सला परत जावे, असे त्यांच्याही मनात आले होते. पण तेथे सकाळी जाग येई ती म्हातारपणाची जाणीव घेऊन. न्यू मेक्सिकोतील पहाटेच्या कोरड्या, हलक्या हवेत मात्र आपण तरुणच आहोत असे वाटे. म्हणून त्यांनी परदेशातच मरायचे ठरवले.

पाचवा निरोप मित्राच्या मरणाचा. आता लेखिकेने इतिहासातील क्रम का उलटा केला असावा, ते कळते. ज्यांना पहाटे शेतात धीर दिला, ज्यांना खेचरे देऊन वाटेला लावले, त्या मित्रालाही दफनभूमीत पोहोचवण्याची वेळ आर्चबिशपांवर येते. आपल्या मरणाआधी त्यांनी आपल्या सर्वात प्रिय माणसाचे मरण स्वीकारले आहे.

या प्रत्येक निरोपात त्यांना दुःख झाले. आपल्या वाट्याला आलेले दुःख त्यांनी नाकारले नाही. मात्र जे सोडायचे ते त्यांनी मूठ उघडून सोडले. पाच वेळा मूठ उघडलेल्या माणसाला सहाव्या वेळी ती उघडणे तितके अवघड गेले नाही. मरणसमयीची शांती ही बहुतेक वेळा अशीच असते. ती शेवटच्या घटकेला आकाशातून पडत नाही. रोजच्या सोडण्यातून ती थोडी थोडी साठत जाते.

डिसेंबरमधील एक रात्र

कोणी म्हणेल, ते आर्चबिशप होते, त्यांची श्रद्धा पक्की होती. आपल्यासारख्यांना कसे जमणार?

याचे उत्तरही कादंबरीत आहे. मधल्या काळातील डिसेंबरच्या एका रात्री त्यांना झोप येत नाही. आपले सारे काम व्यर्थ गेले, आपली प्रार्थना कोरडी झाली आहे, असे त्यांना वाटते. आपले अंतःकरण रिकामे आहे, मग आपण लोकांना काय देणार, या विचाराने ते व्याकूळ झालेले असतात. शेवटी थंडीत उठून ते चर्चकडे जातात. दाराशी त्यांना सादा नावाची एक गरीब म्हातारी रडत असलेली दिसते. ती ज्या घरात राबते, ते लोक तिला चर्चमध्ये जाऊ देत नाहीत. एकोणीस वर्षांत तिने वेदी पाहिलेली नाही. ते आपला उबदार झगा तिच्या अंगावर घालतात, तिला आत नेतात, तिच्याबरोबर गुडघे टेकतात. पवित्र मारियेच्या पुतळ्यापुढे तिला झालेला आनंद पाहताना त्यांच्या मनातील कोरडेपणा जातो. एका दासीच्या श्रद्धेने बिशपांची श्रद्धा पुन्हा पेटते.

म्हणजे त्यांच्यावरही अंधाराच्या रात्री आल्या होत्या. ज्याला कधी शंका आली नाही, त्यालाच शांत मरण येते असे नाही.

त्याहून मोठे उदाहरण प्रभू येशूचे आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात (१४:३२-४२) गेथशेमाने बागेत प्रभूला भय वाटले, तो अतिशय व्यथित झाला, हा दुःखाचा प्याला टळावा अशी त्याने पित्याकडे विनंती केली. देवाचा पुत्र मरणापुढे कापला, तर आपल्या घरातील आजारी मनुष्य घाबरला म्हणून त्याची श्रद्धा कमी पडली असे कोणी म्हणू नये. प्रभूने आपले भय पित्यापुढे मोकळे केले, ते सोबत्यांनाही सांगितले आणि त्यांना जवळ थांबायला सांगितले. ते सोबती झोपी गेले. आजाऱ्याजवळ जागे राहण्याची ती जबाबदारी आता आपली आहे.

शेवटचा दिवस

आर्चबिशपांच्या शेवटच्या दिवशी सांता फेमधील लोकांना बातमी कळलेली असते. दिवसभर कॅथीड्रलमध्ये माणसांची ये-जा चालू राहते. सिस्टर्स, म्हाताऱ्या बायका, तरुण मुले-मुली, सारे त्यांच्यासाठी प्रार्थना करीत आहेत. शेजारच्या गावचे आदिवासी आणि त्यांचा जुना नवाहो मित्र अंगणात बसून वाट पाहत आहेत. त्यांचे जुने नोकर चर्चमध्ये गुडघे टेकून आहेत.

लेखिकेने येथे एक लहानशी गोष्ट नोंदवली आहे, ती सहज नजरेतून सुटेल. त्या दिवशी पहाटेच आर्चबिशपांनी शेवटचे कम्युनियन घेतलेले असते. याला लॅटिन भाषेत 'व्हियाटिकम' म्हणतात. या शब्दाचा अर्थ आहे प्रवासासाठी बरोबर घेतलेली तरतूद. आपल्या भाषेत सांगायचे तर शिदोरी. पूर्वी आपले आजोबा-पणजोबा लांबच्या वाटेला निघताना फडक्यात भाकरी बांधून घेत, तीच ही शिदोरी. येथे मात्र ती भाकर स्वतः प्रभू आहे.

संध्याकाळी ते काहीतरी पुटपुटतात. जवळ बसलेल्यांना वाटते त्यांना काही हवे आहे. पण त्यांचे मन त्या खोलीत नाहीच. ते आपल्या जन्मभूमीतील डोंगरउतारावरच्या हिरव्या शेतात उभे आहेत. समोर एक तरुण मित्र आहे, जावे की राहावे या ओढाताणीत त्याचे काळीज फाटते आहे. ते त्याला धीर देत आहेत. वेळ थोडा उरला आहे. डोंगरातून खाली येणाऱ्या पॅरिसच्या गाडीचा खडखडाट ऐकू येऊ लागला आहे.

अंधार पडल्यावर कॅथीड्रलची घंटा वाजते आणि लोक जागच्या जागी गुडघे टेकतात.

कादंबरीचे नाव हान्स होल्बाइन या चित्रकाराच्या 'मरणाचे नृत्य' या चित्रमालिकेवरून सुचले, असे कॅथरबाईंनीच सांगितले आहे. १५३८ साली छापलेल्या त्या चित्रांत मरण हा एक सांगाडा आहे. तो राजाला, बिशपला, शेतकऱ्याला, कोणालाही धरून नेतो. कादंबरीत मात्र मरण येते ते ओळखीच्या गाडीसारखे. तरुणपणी ज्या गाडीने घर सोडून देवाच्या कामाला नेले, तीच जणू पुन्हा आली आहे. आर्चबिशपांना त्या गाडीत चढायची सवय आहे.

आणखी एक गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे. त्यांचा शेवटचा विचार स्वतःविषयी नाही. घाबरलेल्या दुसऱ्या माणसाला धीर कसा द्यावा, हा आहे. प्रभूनेही क्रुसावर वेदना सोसत असताना आपल्या आईला शिष्याच्या स्वाधीन केले (योहान १९:२६-२७). मरणाऱ्या माणसाकडे देण्यासारखे काही उरत नाही, असे आपल्याला वाटते. खरे तर त्याच्याजवळ पुष्कळ असते. प्रश्न इतकाच की, ते द्यायला आपण त्याला वाव ठेवतो का?

आपल्या घरांसाठी

लातूर हे ब्रह्मचारी धर्मगुरू होते, त्यांच्या मागे बायकामुले नव्हती, संसाराची काळजी नव्हती, हे खरे. ज्या आईची मुले लहान आहेत, ज्या बापाच्या डोक्यावर घराचे कर्ज आहे, त्यांना 'शांत राहा' असे सांगणे सोपे नाही आणि तसे सांगूही नये. तरीही या कथेतून आपल्याला तीन गोष्टी घेता येतील.

पहिली गोष्ट, रोजचा सराव. ख्रिस्तसभेने हा सराव आपल्या प्रार्थनांत फार पूर्वीच घालून ठेवला आहे. रोझरीत प्रत्येक 'नमो मारिया'च्या शेवटी आपण आपल्या मरणाच्या घटकेसाठी विनंती करतो. पाच रहस्यांत पन्नास वेळा आपण ते शब्द उच्चारतो आणि तरी मरणाचे नाव काढले की दचकतो. धर्मगुरू आणि सिस्टर्स रात्री झोपण्याआधीच्या प्रार्थनेत शिमोनाचे गीत म्हणतात (लूक २:२९-३२). बाळ येशूला हातात घेतल्यावर तो वृद्ध मनुष्य आता मला शांतीने जाऊ दे, असे देवाला म्हणाला. दररोज रात्री दिवसाला निरोप देणे हाच मोठ्या निरोपाचा सराव. मुलगी लग्न होऊन जाते, मुलगा परदेशी जातो, नोकरीतून निवृत्ती येते, संस्थेतील पद दुसऱ्याकडे जाते, सुनेच्या हाती घर द्यावे लागते. हे सारे निरोप आपण कुरकुरत घेतो की मूठ उघडून, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट, संस्कारांना उशीर करू नये. धर्मगुरू तेल घेऊन आले म्हणजे आता सगळे संपले, ही समजूत अजूनही पुष्कळ घरांत आहे. म्हणून आजारी माणूस बेशुद्ध होईपर्यंत आपण थांबतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केले की, रुग्णाभ्यंग हा केवळ शेवटचा श्वास घेणाऱ्यांचा संस्कार नाही. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, वार्धक्याने शक्ती क्षीण होऊ लागल्यावर तो घेता येतो. आजार पुन्हा बळावला तर पुन्हा घेता येतो. या संस्कारातून आजाऱ्याला बळ, शांती आणि धीर मिळतो. खऱ्या अर्थाने शेवटच्या वाटेचा संस्कार म्हणजे शिदोरीचे कम्युनियन. पण शिदोरी घेणाऱ्याला ती खाता आली पाहिजे. आर्चबिशपांनी ती पहाटे, जागेपणी घेतली होती. पापनिवेदन करायलाही शुद्ध आणि वाचा लागते. तेव्हा धर्मगुरूंना वेळेवर बोलवा. ते रात्री-अपरात्री येतील, पण रुग्णाला बोलता येत असताना आले तर अधिक बरे.

तिसरी गोष्ट, खरे बोलण्याची मुभा. आजाऱ्याला सगळे एकदम सांगून टाकावे, असा याचा अर्थ नाही. किती ऐकायचे ते त्याला ठरवू द्यावे. मात्र तो स्वतः विषय काढील तेव्हा "असं अभद्र बोलू नका" म्हणून त्याचे तोंड बंद करू नये. "तुम्हाला काय वाटतं?" एवढे विचारून गप्प बसावे. त्याला कोणाला भेटायचे आहे, कोणाशी समेट करायचा आहे, कोठे शेवटचे दिवस काढायचे आहेत, हे विचारावे. आर्चबिशपांनी मावळतीचे ऊन पडलेले कॅथीड्रल पाहायची इच्छा धरली आणि बर्नार्डने ती पुरी केली. आपल्या आजोबांना कदाचित एकदा विहिरीवर जायचे असेल, वाडीतील आंब्याखाली बसायचे असेल. तेही एक प्रकारचे तीर्थच आहे.

बर्नार्डची आठवण ठेवू या. सुरुवातीला तोही सर्दीने कोणी मरत नाही म्हणत होता. पुढे तो शिकला. त्याने वाद घालणे सोडले, गाडी जुंपली आणि शेवटपर्यंत उशाशी बसून राहिला. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला आर्चबिशपांची भूमिका येण्याआधी बर्नार्डची भूमिका येणार आहे.

योहानकृत शुभवर्तमानात (१४:१-३) प्रभू शिष्यांना सांगतो की, आपण पित्याच्या घरी जागा तयार करायला पुढे जात आहोत आणि त्यांना न्यायला परत येऊ. गाडी येणार आहे ती त्या घराकडे जाणारी. तिचा आवाज ऐकू येईल तेव्हा आपल्या हाती शिदोरी असावी, मूठ उघडी असावी आणि शेजारी जागे राहणारे कोणीतरी असावे, एवढीच या महिन्यात आपण एकमेकांसाठी प्रार्थना करू या.

चिंतनासाठी आणि समूहचर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या काही वर्षांत मला कोणकोणते निरोप घ्यावे लागले? त्यांपैकी कोणता निरोप मी अजून मनापासून घेतलेला नाही?

२. आमच्या घरी कोणी गंभीर आजारी असताना आम्ही काय बोललो आणि काय बोलायचे टाळले? आज ती वेळ पुन्हा आली तर काय वेगळे करू?

३. आमच्या विभागात असे कोण वृद्ध किंवा आजारी आहेत, ज्यांच्याकडे पवित्र कम्युनियन पोहोचलेले नाही? त्यांची नावे धर्मगुरूंना कोण कळवील?

४. मार्क १४:३२-४२ हा उतारा शांतपणे वाचा. मरणाच्या भीतीविषयी या उताऱ्यातून मला कोणता धीर मिळतो?